त्याचं कर्ज तिच्याकडे, तिचं त्याच्याकडे

चष्म्याच्या दुकानात पुढच्या बाजूला आरसे, दिवे आणि गोड बोलणारा मालक असतो. खरं काम चालतं मागच्या खोलीत. त्या खोलीत ती सतरा वर्षं काचा घासत होती. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजलेला कागद समोर ठेवायचा, काच चाकावर धरायची, कडा उतरवायची, धुऊन पुसून फ्रेममध्ये बसवायची. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की माणसाचं डोकं दुखायला लागतं. मग तो डॉक्टर बदलतो, गोळ्या खातो, बायकोवर खेकसतो, पण चष्म्यावर संशय घेत नाही. म्हणून ती प्रत्येक काच दोनदा मोजायची. मालक तिला ‘मोजणी खातं’ म्हणायचा. तिला ते नाव आवडत होतं, पण तसं तिनं कधी कबूल केलं नाही.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच न मोजता सही केली. धाकट्या भावाला माल पोचवायची गाडी घ्यायची होती, पतपेढी जामीन मागत होती, आणि भाऊ ‘ताई, तुझ्याशिवाय कोण आहे मला’ म्हणत दारात उभा होता. वर्षभर त्यानं हप्ते भरले. मग गाडी विकली, फोनचा नंबर बदलला आणि कुठल्यातरी लांबच्या शहरात जाऊन बसला. पतपेढीची नोटीस थेट चष्म्याच्या दुकानात आली. मालकानं ती वाचली, घडी घातली आणि काही न बोलता तिच्या हातात दिली. तो चार शब्द बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. तो सोफे दुरुस्त करायचा. दुकानांच्या रांगेच्या मागे, घराला लागूनच, एक भाड्याचा गाळा होता, त्यात बसून जुने सोफे फाडायचा, पट्टे ताणायचा, स्प्रिंगा बांधायचा, नवा फोम घालून कापड चढवायचा. कापड कापताना मापापेक्षा दोन बोटं जास्तच धरायचा. “उरलं तर उशीला होतं, कमी पडलं तर मेलो,” असं त्याचं म्हणणं. कारागीर पहिल्या नंबरचा, पण कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की मोठ्या रस्त्यावर शोरूम काढ. यानं काढलं. काचेची दारं, झुंबर, बघायला मांडलेले सहा नवे सोफे. लोक यायचे, बसायचे, बाजाराच्या पिशव्या बाजूला ठेवून पाय मोकळे करायचे, पोरांना गादीवर उड्या मारू द्यायचे आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघून जायचे. एवढ्या लोकांची पाठ निवली, पण सोफे विकले गेले अकरा. चौदा महिन्यांत काचेच्या दाराला कुलूप लागलं. फोमच्या व्यापाऱ्याचे दोन लाख त्र्याण्णव हजार तेवढे मागे राहिले.

मग घरात रोज एकच खेळ सुरू झाला. हा म्हणायचा, “तुझा भाऊ.” ती म्हणायची, “तुमचं शोरूम.” भाजी महाग झाली तरी भाऊ, पंख्याचा आवाज आला तरी शोरूम. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे ऐकत. त्यांची नजर अधू झाली होती, पण कान शाबूत होते, आणि घरातलं भांडण ऐकण्यापुरते ते जास्तच शाबूत होते. एका रविवारी दुपारी त्यांचाही संयम संपला.

“दोघांनी गप्प बसा आणि माझं ऐका,” त्या म्हणाल्या. “याचं कर्ज तू फेड. हिचं कर्ज तू फेड. मग बघते कोण कुणाला काय ऐकवतं ते.”

“म्हणजे काय होणार आई? पैसे तर तेवढेच जाणार,” नवरा म्हणाला.

“पैसे तेवढेच जातील. डोकं तरी माझं खाणार नाही तुम्ही.”

म्हातारीनं हे वैतागून म्हटलं होतं, पण बोलणं दोघांच्याही मनात बसलं. त्याच दुपारी नियम ठरले. तिच्या पगारातून महिन्याला नऊ हजार फोमवाल्याला, त्याच्या कमाईतून हप्ता पतपेढीला. ज्याचं काम त्यानं स्वतः जाऊन करायचं. एकमेकांच्या दारी जायचं नाही, आणि ‘किती झालं, किती राहिलं’ असं विचारायचं तर मुळीच नाही. विचारलं की टोमणा आला आणि टोमणा आला की सगळं मुसळ केरात, हे दोघांना चांगलं ठाऊक होतं. उरलेल्या पैशांत घर. दूध कमी झालं, रिक्षा बंद झाली, नवा कपडा पाहुण्यांनी दिला तरच. पोटाला चिमटा घ्यायचा ठरला की घ्यायचा.

फोमवाला हा माणूस पहिल्या दिवशी तिच्याशी नीट बोललासुद्धा नाही. पैसे मोजून घेतले, वहीत खूण केली आणि म्हणाला, “नवरा कुठंय? तोंड दाखवायला लाजतो का?” तिचं अंग जळलं. घरी ती स्वतः नवऱ्याला याहून वाईट बोलली होती, पण ते घरातलं. परक्यानं बोललेलं तिला खपलं नाही.

“मला सगळी बिलं दाखवा,” ती म्हणाली.

“कशाला?”

“तोंड दाखवायचं की नाही ते बिलं बघून ठरवते.”

पुढचे चार महिने ती हप्ता द्यायला गेली की तासभर बसून जुनी बिलं बघायची. लांबी, रुंदी, जाडी, नग. मापं वाचणं हेच तर तिचं काम. पाचव्या महिन्यात तिला सापडलं की शोरूम बंद करताना नवऱ्यानं परत पाठवलेला फोम यानं उतरवून घेतला होता, पण खात्यात वजाच केला नव्हता. एक्केचाळीस हजारांचा माल. फोमवाल्यानं आधी हात झटकले, मग आवाज चढवला. ती हलली नाही. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत तिनं टेम्पोच्या पावतीचा नंबर, तारीख आणि उतरवून घेणाऱ्या माणसाची सही तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा ‘सही’ म्हटल्यावर फोमवाल्यानं कपाळाला हात लावला आणि रक्कम वजा केली. त्या दिवसापासून तिच्यासाठी चहा यायला लागला.

नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम. अठ्ठाविसाव्या महिन्यात फोमवाल्याचं खातं मिटलं तेव्हा तिनं फक्त पावती आणून टीव्हीशेजारी ठेवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि गाळ्यात निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, “रडतोय तिकडे. जाऊ नकोस, येईल आपला आपण.” तो तासाभरानं आला आणि एकदम गुलाबी कापडाची उशी घेऊन आला. कुणाच्या तरी सोफ्याचं उरलेलं कापड. तिला गुलाबी रंग अजिबात आवडायचा नाही. ती उशी तिनं वापरून वापरून फाडली.

फोमवाल्याचे नऊ हजार सुटले तसे तिनं ते बँकेत टाकायला सुरुवात केली. हे मात्र उघड होतं, दोघांनी मिळून ठरवलं होतं. गाळ्याचा म्हातारा मालक मुलीकडे कायमचा राहायला जाणार होता आणि गाळा विकणार होता. त्यानं शब्द दिला होता की अडीच लाख एकरकमी आणा, बाकीचे भाड्यासारखे दरमहा द्या, गाळा तुमचा. वर्ष संपेपर्यंत मुदत. गाळा गेला तर नवऱ्याला कुणाच्या तरी कारखान्यात रोजावर खिळे ठोकायला जावं लागलं असतं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्याचं पुन्हा असं मोडणं तिला बघायचं नव्हतं. एकदा बघितलं होतं तेवढं पुरे होतं.

सोळा महिन्यांत एक लाख चव्वेचाळीस हजार साठले. पण या सोळा महिन्यांत तिच्या मनात एक काटा रुतला होता. हप्ता सहा हजार दोनशेचा, हे तिला नोटिशीवरून माहीत होतं. नवरा दर महिन्याला आठ हजार मोजून पाकिटात घालतो, हे ती डोळ्यांनी बघत होती. काचेच्या रिकाम्या पाकिटावर तिनं हिशोब मांडला. दरमहा आठ हजार जातात तर कर्ज गेल्या महिन्यातच संपायला हवं. तिनं पुन्हा मोजलं. उत्तर तेच. आणि नवरा या महिन्यातही पाकीट घेऊन निघाला होता.

विचारायचं नाही असं ठरलेलं. ती विचारत नव्हती, पण रात्रंदिवस डोकं तेच दळण दळत होतं. जादाचे पैसे जातात कुठे? भावाला गुपचूप पाठवतो का? हा माणूस तेवढा भोळा आहे. की पुन्हा शोरूम? परवाच तो मोठ्या रस्त्यावर एका रिकाम्या दुकानासमोर उभा दिसला होता, काचेला नाक लावून. 

आणि नेमका त्याच आठवड्यात गाळ्याचा मालक घरी आला. चहा घेतला, सासूबाईंची विचारपूस केली, बराच वेळ हवापाण्यावर बोलला. मग म्हणाला, “वाईट वाटतं सांगायला. मुलगी थांबत नाहीये. दुसरं एक गिऱ्हाईक पूर्ण रक्कम घेऊन तयार आहे. तुम्हाला शब्द दिलाय म्हणून आठ दिवस थांबतो. पुढे माझा नाइलाज आहे.”

 तो गेल्यावर नवरा उठून गाळ्यात गेला आणि स्टेपल गनचा आवाज येत राहिला, ठक ठक ठक. अडीच लाखांना एक लाख सहा हजार कमी. आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी तिनं चार वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि नियम मोडून पतपेढीत गेली. काउंटरवरच्या कारकुनाच्या नाकावर तिनंच बसवलेला चष्मा होता. तिनं खाते क्रमांक सांगितला आणि किती राहिलंय ते विचारलं.

“चौदा हप्ते,” कारकून म्हणाला.

“चौदा? दरमहा आठ हजार भरतात ना?”

“भरतात. त्यातले सहा हजार दोनशे कर्जाला जातात. बाकीचे अठराशे तुमच्या ठेवीत.”

“कुठल्या ठेवीत?”

कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “बाई, हप्त्यापेक्षा जास्त रक्कम कर्जाला लावायची तर कर्जदाराचा अर्ज लागतो. कर्जदार तुमचा भाऊ. तो कुठे सापडतोय? मी तुमच्या मिस्टरांना म्हटलं, जादाचे परत घेऊन जा. ते म्हणाले, घरातून तिच्या नावानं निघालेले पैसे परत कसे नेऊ? तिच्याच नावावर ठेवा, शेवटी होईल एकत्र. तुमच्या सहीचा फॉर्मही आणून दिला त्यांनी. चव्वेचाळीस महिने झाले. व्याजासकट चौऱ्याऐंशी हजार आहेत.”

फॉर्म आठवला तिला. घाईघाईत सकाळी समोर धरला होता त्यानं, ‘पतपेढीचं आहे, नियमातलं आहे’ म्हणत. नियमातलं म्हणून तिनं वाचलंही नव्हतं. म्हणजे आयुष्यात न मोजता केलेल्या सह्या दोन झाल्या होत्या.

बाकावर बसून तिनं हिशोब केला. कर्जावर व्याज चौदा टक्के चढत होतं, ठेवीला मिळत होतं पाच. ही दोन बोटं जास्त धरण्याची खोड जवळपास बारा हजारांना पडली होती. तिला राग आला, खरा राग, कानशिलं तापवणारा. आणि त्याच वेळी हायसं इतकं वाटलं की बाकावरून उठवेना. भाऊ नाही, शोरूम नाही. चव्वेचाळीस वेळा तो या रांगेत उभा राहिला होता, आणि तिचं कर्ज भरून वर दर वेळी तिच्या नावानं काहीतरी जमा करून परतला होता.

ती तडक गाळ्यात गेली. तो एका आरामखुर्चीचा तळ उघडून बसला होता.

“बारा हजार घालवलेत तुम्ही,” ती म्हणाली.

त्यानं पक्कड खाली ठेवली. “गेलीस ना तिकडे? ठरलं होतं आपलं.”

“ठरलं होतं म्हणून बारा हजार गेले! एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी भावाच्या नावानं नोटीस काढून अर्ज मिळवला असता. निदान बँकेत तरी टाकले असते.”

“तू विचारलं नाहीस.”

“तुम्ही सांगितलं नाहीत!”

त्यानं पक्कड पुन्हा उचलली. मग तो म्हणाला, “चांगलं झालं आता. आजचं येणं फेडायला एकोणऐंशी हजार लागतील, मी विचारून ठेवलंय; पूर्ण फेडायचं तर भावाचा अर्जही लागत नाही. ठेव मोड आणि कर्ज बंद कर. तुझं नाव सुटेल.”

“आणि गाळा?”

“जाऊ दे गाळा. करीन कुठेतरी काम. तुझ्या डोक्यावर ते भावाचं भूत नको आणखी एक दिवस.”

“गाळा जाऊ दे? माझं चौदा महिने चालू राहिलं तर मी मरणार नाही. हा गाळा गेला तर परत मिळणार नाही.”

“तुझ्या दुकानात नोटीस आली होती, विसरलीस?”

“तुम्ही महिनाभर अंथरुणातून उठला नव्हतात, विसरलात?”

आवाज चढले. शेजारचा कुलूपवाला दारात येऊन उभा राहिला आणि त्याला काही उलगडेना. पूर्वी ही जोडी ‘तुझ्यामुळे झालं’ म्हणून भांडायची. आज ‘तुझं आधी’ म्हणून भांडत होती, आणि तेही तितक्याच त्वेषानं. शेवटी जोर तिचा जास्त पडला, कारण आकडे तिच्या बाजूनं होते. ठेव गाळ्याकडे वळवली तर दोन लाख अठ्ठावीस हजार होत होते. कमी पडत होते बावीस हजार आणि हातात सात दिवस.

“दवाखान्याच्या बाकांचं काय झालं?” तिनं विचारलं. एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातले साठ बाक नव्यानं मढवायचे होते.

“ते पंचवीस हजार आगाऊ देतायत. पण ते फोमला जाणार. रोख दिल्याशिवाय आता कोण मला फोम देतंय?”

“तुम्हाला नाही देणार,” ती म्हणाली आणि पर्स उचलली.

फोमवाल्यानं तिला बघून चहा सांगितला. तिनं चहाला हात लावला नाही. साठ बाकांचा फोम, एक महिन्याची उधारी, एवढंच म्हणाली. मागे वळून जावं, पुन्हा या दाराशी उधार मागायला नको, असं तिला मनापासून वाटत होतं. पण ती उभी राहिली.

“नवऱ्याच्या नावावर देणार नाही,” फोमवाला म्हणाला.

“माझ्या नावावर द्या.”

“तुमच्या नावावर देतो. पण एक अट आहे. महिन्यानं पैसे द्यायला याल तेव्हा जुनी बिलं मागायची नाहीत.”

पुढचे सहा दिवस घरात बाकांशिवाय विषय नव्हता. ती कामावरून आली की जुनी रेक्झिन फाडायला बसायची. सासूबाईंनी पक्कड मागून घेतली आणि जाड भिंगाचा चष्मा लावून एकेक पिन उपटायला सुरुवात केली. “मीच सुचवलं होतं ना,” त्या अधूनमधून म्हणत, “आता भोगते.” पिनांनी एक डबा भरला तेव्हा त्यांनी तो हलवून सगळ्यांना ऐकवला. पहिले वीस बाक दवाखान्यात पोचले आणि आगाऊ रक्कम हातात पडली.

सातव्या दिवशी संध्याकाळी दोघं गाळ्याच्या मालकासमोर बसले. त्यानं नोटा मोजल्या, मग त्याच्या जावयानं मोजल्या. तिनं जावयाचं मोजणं मनात सोबत मोजलं. बरोबर अडीच लाख. करारावर दोघांची नावं होती. सही करण्याआधी तिनं सगळी पानं वाचली, दोनदा, आणि म्हातारा जांभया देत बसला. पाचव्या पानावर गाळ्याची रुंदी अर्धा फूट कमी लिहिली होती. ती तिनं दुरुस्त करून घेतली आणि मगच सही केली.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं करार घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, “गाळ्याचे हप्ते?”

“माझ्याकडे,” ती म्हणाली. “गाळा तुमचा आहे ना.”

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला तिची सुट्टी होती. तिनं सहा हजार दोनशे मोजून पाकिटात घातले आणि चपला पायात सरकवल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, नियमही मोडला होता, पतपेढी जवळच होती.

तो आतून हात पुसत आला. “कुठे निघालीस?”

“हप्ता भरून येते. तुमची खेप वाचेल.”

त्यानं तिच्या हातातून पाकीट काढून घेतलं. नोटा मोजल्या, स्वतःच्या खिशातले अठराशे त्यात घातले आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं.

“तुझं कर्ज आहे,” तो म्हणाला, “ते मी फेडतो. अजून चौदा आहेत माझे.”